न पडलेली वीज

हिंगोली जिल्ह्यात सरकार नावाची गोष्ट मनापासून मानणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्या शेजारी राहायचा. बाकी सगळे सरकारला घाबरायचे नाहीतर शिव्या घालायचे. शेजारचे काका मात्र सरकारचं ऐकायचे. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकट्याचंच. मिशनच्या वसतिगृहात स्वयंपाकी म्हणून जन्म घालवलेला, बायको वारलेली, मुलगी वाशीमला दिलेली. अधिकारावर बसलेला माणूस देवाच्या परवानगीनंच बसलेला असतो, तेव्हा त्याचं ऐकावं, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत पाळण्यात त्यांनी कधी सवलत घेतली नाही.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'रांगेत उभे राहावे' असं लिहिलेलं होतं. तिथं रांग कधी कुणी पाहिली नाही. पण काका गेले की खिडकीपासून चार पावलांवर एकटेच उभे राहायचे आणि थोड्या वेळानं स्वतःहून एक पाऊल पुढं सरकायचे. एसटी रिकामी असली तरी आमदारांसाठी राखीव म्हणून लिहिलेल्या सीटवर ते बसायचे नाहीत. एकदा बाकीच्या जागा भरल्या होत्या म्हणून हिंगोलीपर्यंत उभ्यानं आले. मी म्हटलं, काका, आमदार कशाला येतात एसटीनं? तर म्हणाले, "न्हाई येत बाई, पण आले तर?" लॉकडाऊनमध्ये तर कहरच. बंदी उठली, बाजार भरला, लग्नं लागली, तरी काका घरातच. बाहेर निघायला आपल्याला कुणी सांगितलं नाही, हे त्यांचं म्हणणं. शेवटी सरपंचांना त्यांच्या दारात जाऊन 'निघा आता' असा हुकूम द्यावा लागला. काका 'व्हय जी' म्हणाले आणि चप्पल घालून लगेच निघाले. कुठं जायचं ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. पारापर्यंत जाऊन परत आले.

रविवारी हिंगोलीला चर्चला जायला गाडी मिळाली नाही, तर ते घरीच उपासना घ्यायचे. भिंतीपलीकडून आम्हाला सगळं ऐकू यायचं. 'आपण उभे राहू या,' असं म्हणायचे आणि स्वतःच उभे राहायचे. गाणं संपलं की 'बसावे'. मग पंतप्रधानांपासून सुरुवात करून कलेक्टर, तहसीलदार, तलाठी असं करत गावच्या वायरमनपर्यंत सगळ्यांसाठी प्रार्थना. वायरमनचं नाव निघालं की हमखास लाईट जायची. आबा, म्हणजे माझे वडील, इकडून ओरडायचे, "अरे, त्याला सोडून दे की बाबा!" आबांची आणि त्यांची जोडी लहानपणापासूनची. आबा मेंढरं घेऊन निघाले की काका आपल्या दोन शेळ्या घेऊन मागं. आबा छेडायचे, "तुझा देव तुला कुणालाच न्हाई म्हणू देत न्हाई काय रे?" काका म्हणायचे, "अजून वेळ कुठं आली धोंडिबा?"

वेळ आली ती आमच्याच शिवारात. त्या साली पावसानं ओढ दिली होती. सुकत चाललेली कोवळी ज्वारी मेंढरांना विष होते, हे आमच्या जातीत लेकरालाही माहीत असतं. पण आबांचा डोळा लागला आणि कळप ज्वारीत शिरला. काकांनी आरडाओरडा केला, मेंढरं हाकलली, तोवर निम्म्याच्या वर जनावरं बांधावर आडवी झाली होती. त्या दुपारी लांब कुठंतरी आभाळही गरजलं होतं. तलाठी भला माणूस. तो म्हणाला, ज्वारीनं मेली लिहिलं तर सरकारी भरपाई मिळणार नाही, वीज पडून मेली असं पंचनाम्यात घेतो, जनावरांच्या डॉक्टरच्या दाखल्याचं मी बघतो. एक पंच पोलीस पाटील, दुसरे काका. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला कळप परत उभा करायचा तर तेवढी एकच वाट होती.

काकांनी पेन घेतला, टोपण काढलं आणि परत लावलं.

"साहेब, वीज पडली न्हाई."

"काका, मी सांगून राहिलो ना."

"व्हय जी. तुमी म्हणाल तिथं उभा राहतो. पण पडली न्हाई ती वीज म्या कशी पाडू?"

तलाठ्याचा पारा चढला. निराधारांच्या पगाराच्या यादीतून नाव काढतो म्हणाला. "काढा जी, ते तुमच्या हातात हाय," असं काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी खरंच पासबुक घेऊन त्याच्या ऑफिसात जमा करायला गेले. तलाठ्यालाच लाज वाटली, त्यानं परत पाठवलं. पण साक्षीचा माणूस असं बोलून गेल्यावर दुसऱ्या कुणाची सही घेऊन कागद पुढं सरकवायची त्याचीही छाती झाली नाही.

आबा एकच वाक्य बोलले. "अख्ख्या जगाला व्हय म्हणला. न्हाई तेवढं माझ्यासाठी ठेवलं होतं."

संध्याकाळी काकांनी आपल्या दोन्ही शेळ्या आणून आमच्या अंगणात बांधल्या. आबांनी त्या सोडून हाकलून दिल्या. उरलेली मेंढरं विकली आणि ते कुरुंद्याला हळद शिजवायच्या कामावर जायला लागले. घरात पदवी घेतलेली मी पहिली, तरी दोघांपैकी कुणाला काय समजवावं ते मला सुचलं नाही. आबांची चूल बंद पडल्यासारखी झाली होती. आणि काकांनी खोटं लिहायला हवं होतं, असंही माझ्या तोंडून निघेना.

यंदा काकांना त्यांची मुलगी वाशीमला घेऊन गेली. निघायच्या सकाळी मी भेटायला गेले. म्हटलं, तलाठ्याला न्हाई म्हणताना भीती वाटली नाही? ते बराच वेळ पिशवीची गाठ बांधत बसले. "त्याला म्हणायला काय बाई. पण तुझा बाप माझ्याकडं बघून राहिला होता."

परवा कॉलेजातून शिकवून घरी आले तर आबा घरात नाहीत. बघते तो काका रोज बसायचे त्या त्यांच्या ओट्यावर, दाराच्या कुलपाला पाठ लावून बसलेले. मी विचारलं, इथं काहून बसले? "इथून आपलं दार बराबर दिसतं," ते म्हणाले. मीही शेजारी बसले आणि पाहिलं. आमचं पुढचं दार बंद होतं. त्या पंचनाम्यानंतर आबांनीच ते लावून घेतलं होतं आणि आम्ही मागच्या दारानं ये-जा करत होतो. मी ते उघडायला उठले.

"राहू दे," आबा म्हणाले. "आता इकडून बघायला कोण हाय."