भरतीच्या वेळेची पोस्ट

अख्ख्या पेण तालुक्यात समुद्राइतका वक्तशीर माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. समुद्र निदान दिवसातून दोनदाच येतो. आमचे काका तासातासाला येतात. काखेत लांबोडकी वही, कानावर लाल-निळी पेन्सिल, आणि चेहऱ्यावर काहीतरी राहून गेल्याची कायमची काळजी. "सूनबाई, आजची पोस्ट कुठवर आली?" हा त्यांचा प्रश्न. आमचा पोह्याच्या पापडांचा घरगुती धंदा आहे. मी, माझा नवरा आणि खाडीकडच्या गावांतून लाटायला येणाऱ्या सहा बायका एवढाच आमचा कारखाना. सोशल मीडियावर आमच्या पापडांचं एक पान आहे, आणि त्या पानावर कधी, काय आणि कोणत्या शब्दांत जायचं हे काका ठरवतात. हे काम त्यांना कुणी दिलं ते आता घरात कुणालाच आठवत नाही. बहुधा त्यांनीच घेतलं असावं.

काकांनी उभं आयुष्य धरमतरच्या धक्क्यावर काढलं. एका कंपनीत टॅली क्लार्क होते. मालवाहू बार्ज किती भरला, किती रिता झाला, किती वाजता सुटला हे वहीत मांडायचं, एवढंच काम, पण ते त्यांनी संध्या केल्यासारखं केलं. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर सांगतात, "शिफ्ट जुळली नाही." निवृत्त झाल्यावर वर्षभर ते घरातल्या माणसांच्या जाण्यायेण्याच्या वेळा मांडत होते, त्यामुळे माझा नवरा मागच्या दाराने ये-जा करू लागला होता. अशा वेळी पापडांचं पान त्यांच्या हाती लागलं आणि आम्ही सगळे सुटलो.

पोस्ट टाकायची वेळ ते भरतीवरून काढतात. आमच्याकडे खाडीकाठच्या पोरासोरांनाही हिशेब ठाऊक असतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. काकांचं म्हणणं असं की भरतीला माणसाचं मन वर येतं आणि हात सैल होतो, ओहोटीला माणूस खिसा दाबून बसतो. त्यामुळे आमची पोस्ट आज सहाला तर उद्या पावणेसातला आणि पुढे कधीतरी भर जेवणाच्या वेळी. मी एकदा म्हटलं, काका, आपली निम्मी गिऱ्हाइकं नाशिकची आहेत, तिथे कुठला आलाय समुद्र? काकांनी माझ्याकडे फार कीव करून पाहिलं. "नाशकात चंद्र नाय?" असं विचारलं आणि वहीत माझ्या नावापुढे काहीतरी शेरा मारला. तो शेरा त्यांनी मला आजतागायत दाखवलेला नाही.

वर्षाचं नियोजन चैत्रात होतं. मागच्या पडवीत बैठक भरते. बैठकीला काका आणि मी असे दोघेच, तरीही मागच्या बैठकीचा वृत्तान्त वाचून मंजूर केल्याशिवाय पुढे जायचं नाही. ग्रहण, सर्वपित्री आणि ज्या दिवशी आमचे पापड बिघडले ते दिवस, यांना पोस्ट नाही. जगाने ठरवलेले 'दिन' त्यांना मुळीच चालत नाहीत. मैत्री दिनाला काहीतरी टाकू या म्हटलं, तर म्हणाले की पापडाची मैत्री वरणभाताशी, आणि ती रोजची आहे. मजकूरही तेच लिहितात, आणि तो धक्क्यावरच्या वहीतल्यासारखा असतो. 'आज लाटलेले चौदाशे. फुटके एकवीस. फुटके घरी खाल्ले. ऊन चांगले.' लोकांना हे का आवडतं मला कळत नाही, पण आवडतं.

त्यांचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे शिळा फोटो. सकाळी काढलेला फोटो संध्याकाळपर्यंत चालतो, दुसऱ्या दिवशी तो शिळा. माझ्या नवऱ्याने माघात काढलेला एक देखणा फोटो फाल्गुनात टाकू म्हटलं, तर काका म्हणाले, ते ऊन वेगळं होतं, गिऱ्हाइकाला फसवायचं नाही. त्यांची ही ख्याती ऐकून हमरापूरचा एक मूर्तिकार आपल्या कारखान्याच्या पोस्टचं नियोजन करून घ्यायला आला होता. काकांनी आठ दिवस खपून तक्ता केला आणि त्यात अट घातली की डोळे आखल्याशिवाय मूर्तीचा फोटो जाणार नाही, आंधळ्या देवाला लोकांसमोर उभं करू नये. तो बिचारा म्हणाला, काका, मी बिनरंगाच्याच मूर्ती विकतो, डोळे घेणारा आखतो. काकांनी तक्ता गुंडाळून परत वहीत ठेवला. त्या माणसाला चहा मात्र दोनदा पाजला.

पोस्ट आगाऊ लावून ठेवता येते, वेळ झाली की ती आपोआप जाते, हे मी त्यांना दाखवलं तेव्हा ते वही घेऊन उठून गेले. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "आणि मधे काही झालं तर?" मी म्हटलं, पापडाला काय होणार आहे? ते म्हणाले की बार्ज कधी आपोआप सोडत नाहीत, धक्क्यावर माणूस उभा लागतो. तेव्हापासून आजतागायत ते वेळेच्या आधी दहा मिनिटं पडवीत खुर्ची टाकून बसतात, बोट बटणावर धरून, आणि मिनिट भरलं की दाबतात.

ह्या बसण्यामागे नुसता हट्ट नव्हता, दिलेला शब्द होता. लाटणाऱ्या बायकांचे फोटो टाकायचे ठरलं तेव्हा काका प्रत्येकीला वेगवेगळं विचारायला गेले. पाचजणी तयार झाल्या. सहावी हिराबाई. तेरा वर्षं आमच्याकडे लाटत होती, आणि तिच्याइतका पातळ पापड पेणमध्ये कुणाचा नव्हता. ती म्हणाली की मी इथं बसलेली आणि माझा फोटो मुंबईला हिंडतोय, हे काही बरं दिसत नाही. काकांनी सगळ्या बायकांसमोर तिला सांगितलं, "फोटो जाईल तेव्हा मी इथं बसलेला असेन. तू नाय म्हणालीस, तर त्या घडीला थांबवीन." एवढ्यावर ती तयार झाली, तीही फक्त हातांपुरती. मग एक दिवस काका फोटोसाठी स्टुलावर चढले, स्टूल डगमगलं, काकांनी पिठाचा डबा धरला, डबा त्यांच्यासकट खाली आला आणि पांढरेफटक काका जमिनीवर बसून विचारू लागले की फोटो निघाला का. निघाला होता. त्यात हिराबाई डोक्यावरचा पदर घसरलेला, हातात पापड, तोंड भरून हसत होती. तिने तो पाहिला आणि म्हणाली, "ह्यो नको भाऊ. दात दिसतात." काकांनी वहीत लिहिलं, 'नको.' फोटो तसाच धंद्याच्या फोनमध्ये राहिला.

यंदा चैत्रात काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डॉक्टर रोह्याचे, म्हणून आठ दिवस काकांना माझ्या माहेरी, रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी गावात ठेवलं. फोनकडे बघायचं नाही, धुळीत जायचं नाही. जाताना त्यांनी आठ दिवसांचा तक्ता माझ्या हाती दिला आणि माझ्याकडून वदवून घेतलं की दर पोस्टला मी स्वतः बसेन. मी हो म्हटलं. आणि खरं सांगायचं तर ते गेले त्याच दुपारी मी आठही पोस्ट एका दमात लावून टाकल्या. हंगाम होता, उन्हं चांगली होती, माझ्या हाताला पीठ लागलेलं होतं. चौथ्या दिवसासाठी चांगला फोटो सापडेना, म्हणून मी तो स्टुलाचा फोटो घेतला. इतका छान होता, आणि म्हातारीला कळणारही नाही असं मला वाटलं. खाली लिहिलं, 'आमच्या हिराबाई तुमची वाट पाहत आहेत.'

चौथ्या दिवशी पहाटे हिराबाई गेली. झोपेतच गेली. आम्ही सगळे तिच्या गावी धावलो. मिठागरांच्या बांधाशी तिचं घर. अंगणात माणसं जमलेली, तिला आंघोळ घालायची तयारी चाललेली, आणि पावणेदहाला कुणाचा तरी फोन वाजला, मग दुसऱ्याचा. माणसं फोनकडे बघायची आणि मग माझ्याकडे. मला कळेना काय झालंय. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने फोन माझ्यासमोर धरला. हिराबाई हसत होती, आणि तुमची वाट पाहत होती. ती बाई शांतपणे म्हणाली, "बाय आंगनात हाय, नि यांचा धंदा चालूच हाय." मी तिथेच पोस्ट काढून टाकली. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी एकही बाई कामाला आली नाही. दुखवटा म्हणून आली नाही की आमच्यामुळे, हे कुणाला विचारायची माझी छाती झाली नाही.

त्याच दिवशी मी रोह्याला गेले. काका काळा चष्मा लावून ओटीवर बसले होते, आणि ते रोज सकाळी तिथी विचारून भंडावतात अशी माझी आई तक्रार करत होती. मी त्यांना सगळं सांगितलं. लावून ठेवलेल्या पोस्टचं, दिलेला शब्द मोडल्याचं, अंगणातलं, सगळं. रागावतील म्हणून मी तयार होते. काकांनी एवढंच विचारलं, "कुठला फोटो?" मी म्हटलं, स्टुलावरचा. ते म्हणाले, "ती नको म्हणाली होती." आणि त्यांनी शर्ट मागितला. आईने डॉक्टरांची आठवण करून दिली, धुळीची भीती घातली, पण ते ऐकणार नव्हते. नागोठणं मागे पडेपर्यंत गाडीत ते फक्त किती वाजले एवढंच विचारत होते. ते चिडले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

हिराबाईचा मुलगा पायरीवर बसला होता. तो उठला नाही. काका काळ्या चष्म्यातून चाचपडत अंगणात गेले आणि त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "तुझ्या आयेला शब्द मी दिला होता," ते म्हणाले. "मी जाग्यावर नव्हतो. चूक माझी." मी मधे पडून चूक माझीच म्हणू लागले, तर त्यांनी मला हाताने थांबवलं. तेवढ्यात त्याची बायको दारात आली. आता ही काय बोलणार, म्हणून मी मान खाली घातली.

"तो फोटो काढून टाकलात व्हय?" तिने विचारलं. "सगली गेल्यावर मी दुपारच्याला परत बघाया गेले, तर नव्हता. आमच्याकडं आत्याचा हसताना फोटोच नाय. आधारकार्डावरचा हाय, त्यात ती भ्यालेली दिसते. पोरांनी बघितला, म्हनाली आजी हसते बघ. परत टाका ना."

काकांनी चष्मा काढला आणि डोळा पुसला. पुसायचा नव्हता, डॉक्टरांनी बजावलं होतं. मग ते मुलाकडे वळून उभे राहिले, तो काही म्हणेपर्यंत. तो म्हणाला, "टाका." मग त्याने आतून खुर्ची आणून दिली. काकांना अक्षरं दिसत नव्हती, म्हणून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'हिराबाई. तेरा वर्षे आमच्याकडे पापड लाटले. हा फोटो टाकायला त्या नको म्हणाल्या होत्या. घरच्यांनी सांगितले म्हणून टाकत आहोत.' बटण त्यांनी स्वतः दाबलं, मुलाच्या आणि सुनेच्या देखत.

दहावं झाल्यावर बायका एकेक करून परत आल्या. मला त्या काही बोलल्या नाहीत, काकांना मात्र डोळ्याचं विचारलं. आता काकांचा दुसराही डोळा करायचा आहे. चालताना ते भिंतीला हात लावतात, वहीतलं अक्षर मोठं मोठं होत चाललंय, आणि पोस्ट टाकताना शेजारी मला बसावं लागतं. मी बसते. त्या फोटोवर अजून अनोळखी माणसं येतात. वरचा मजकूर कुणी वाचत नाही, पापड तेवढा दिसतो, आणि मग खाली विचारतात, भाव काय, पार्सल मिळेल का. काका एकेकाला स्वतः उत्तर देतात, फोन नाकाशी धरून, एकेक अक्षर शोधत. काल साताऱ्याच्या कुणा बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी अर्धा तास खपून लिहिलं, 'पापड मिळतील. फोटोतल्या हिराबाई आता नाहीत. पापड जरा जाड लागतील, समजून घ्यावे.'

मी म्हटलं, काका, आपलाच माल जाड आहे असं गिऱ्हाइकाला कुणी लिहून देतं का?

"जाडच झालेत गो," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला तेच पुन्हा पहिल्यापासून लिहू लागले.