सूर्यभानचा पहिला अंक

माझ्या लग्नाची पत्रिका मला न विचारता वाटली गेली आणि तिच्यावर नवरदेवाने पँटवरून लाल चड्डी घातली होती.

सूर्यभान हा माझा सुपरहिरो. जळगावच्या उन्हाळ्यात आपण सगळे वाळतो. हा मात्र उन्हावर चार्ज होतो आणि उडतो. नोकरी सोडून मी त्याच्या कॉमिक मालिकेचा पहिला अंक छापला, तेव्हा नानांनी (माझे वडील) कपाळाला हात लावला.

"वैशाली, हे घेणार कोण?"

"सगळ्या प्रती खपतील, नाना!"

"खपल्या तर वर्षभर तुझ्या लग्नाचा विषय काढणार नाही. नाही खपल्या तर मी म्हणेन तो मुलगा मुकाट्याने बघायचा."

"मंजूर!" मी म्हणाले खरी, पण त्या रात्री उठून सगळ्या प्रती पुन्हा मोजल्या.

प्रकाशन धुळ्याला, देवपुरातल्या एका पुस्तकाच्या दुकानात ठरलं. (जळगावातल्या दुकानदारांनी सूर्यभानकडे बघून नुसतं पाणी विचारलं.) आता बापाचं काळीज! स्वतःच पैज लावली आणि स्वतःच माझ्या प्रचाराला निघाले. शुभकार्य म्हणून प्रत्येक अंकाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, मोटरसायकल काढली आणि भडगावपर्यंत नातेवाइकांच्या दारोदार अंक देत सुटले. "रविवारी धुळ्याला यायचं, सगळ्यांनी!" एवढं सांगायचं की पुढचं घर.

आता तुम्हीच सांगा. तिशीतल्या मुलीचा बाप हळदकुंकवाचे कोपरे हातात देतो. वर मोठ्या अक्षरांत 'सूर्यभान', खाली 'वैशाली'. मधलं 'कथा व चित्रे' वाचायला चष्मा कोण शोधतो?

रविवारी दुकानासमोर पहिली क्रूझर थांबली. मग दुसरी. मग तिसरी! फेटे उतरले, शालू उतरले, एक पितळी समई उतरली. काकांनी बँजो पार्टी आणली होती, ती रस्त्यातच सुरू झाली. दुकानदार घामाघूम होऊन माझ्याकडे आला. "मॅडम, पंगत कुठे बसवायची, असं विचारताहेत!"

तेवढ्यात भडगावच्या अक्का (नानांच्या मोठ्या बहीण) गर्दी फोडत आल्या आणि त्यांनी माझी अलाबला घेतली. "जवाई कथा शे?"

जावई कुठे? मला वाटलं, थट्टा करताहेत. मी मुखपृष्ठावर बोट ठेवलं. "हा काय!"

"काय करस?"

"उडतो."

"पायलट शे वं!" अक्कांनी मागे वळून जाहीर केलं. बँजो दुप्पट वाजू लागला.

"पन चड्डी वरतून काब्र घालेल शे?" मागून एका आजोबांनी विचारलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नानांच्याही पडला. ते स्टुलावर चढले.

"मंडळी! लग्न नाही! पुस्तक आहे!"

बँजो थांबला. नाना भर बाजारात स्टुलावर उभे, चेहरा पडलेला. मला पैजेपेक्षा त्यांचंच वाईट वाटलं.

शेवटी अक्काच पदर खोचून पुढे आल्या. "इतली दूर उनूत, आते रिकामा हाते जावानं का? बठ्ठा पुस्तकं बांधी द्या!" आणि त्यांनी आहेराचं पाकीट दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवलं. त्यांच्यामागे रांग लागली. तासाभरात एक प्रत उरली नाही!

मी आनंदाने नाचत होते (बँजो फुकट कशाला घालवायचा?), तेव्हा कोपऱ्यात एक जण अंक वाचताना दिसला. अक्कांचा शेजारी मयूर, त्यांची गाडी चालवत आलेला. अख्ख्या वऱ्हाडात अंक उघडून वाचणारा हा एकटाच.

"तुमच्या हिरोचं नाक प्रत्येक पानावर वेगळं आहे," तो म्हणाला.

"तो शत्रूला चकवतो!" मी भडकले.

"मग त्याची आई त्याला कशी ओळखते?"

याचं उत्तर फोनवर भांडून शोधू, असं ठरलं. भांडण बरंच लांबलं.

नानांनी शब्द पाळला. घरात लग्नाचा 'ल' काढला नाही. जेवताना समोर बसून ते शांतपणे वरणभात खायचे आणि मी मात्र ताटात बोटं फिरवत बसायचे. वर्ष पुरं व्हायला अजून बराच अवकाश होता, पण मला धीर निघेना. शेवटी विषय मीच काढला!