दंडाचे लुगडे

परवाच्या समारंभात मी व्यासपीठावर चढलो, काचेच्या पेटीचे झाकण उघडले आणि आत घडी घालून ठेवलेले काळे लुगडे सर्वांसमक्ष उलगडले, हे खरे आहे. म्हातारपणामुळे माझे भान सुटले होते, असे जे गावात सांगितले जाते ते मात्र खोटे आहे. माझे भान शाबूत आहे. शाबूत नव्हती ती वक्त्यांची माहिती.

समारंभ माझ्या वहिनीच्या स्मरणार्थ होता. जुन्या सुती लुगड्यांतून नवी वस्त्रे घडवण्याचा आणि ती झाडांच्या रंगांत रंगवण्याचा जो कारखाना पाहायला आज बाहेरगावची माणसे बुऱ्हाणपुरात येतात, तो तिने उभा केला. मुख्य वक्त्यांनी तिला ‘शाश्वत फॅशनच्या आद्य प्रवर्तक’ म्हटले. त्याला माझी हरकत नाही. शब्द नवा असला तरी काम तेच आहे. परंतु लगेच पुढे ते म्हणाले की, हे काम तिला घरच्या दारिद्र्याने शिकवले. सभागृहाने हळहळून टाळ्या वाजवल्या. तेव्हाच मी पहिल्यांदा उठलो, आणि कोणीतरी अत्यंत आदराने माझा दंड धरून मला खाली बसवले.

आमच्याकडे दारिद्र्य नव्हते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, महसूल कचेरीत कायम नोकरीवर होता. मी शाळेत शिकवू लागलो होतो. गावातल्या राजपुऱ्यातले घर आमच्या मालकीचे होते आणि वहिनीच्या माहेरी, फोपनारला, केळीच्या बागा होत्या; सणावाराला तिकडून तिला कोरी लुगडी येत. तिला हे काम दारिद्र्याने शिकवले नाही. चांगले कापड वेळेआधी मरताना तिला पाहवत नसे, म्हणून ती ते शिकली. गरजेपोटी काम करणाऱ्याला लोक सहज मोठेपण देतात. रागापोटी काम करणारी बाई त्यांना पचत नाही.

राग कशाचा, ते सांगतो. नऊवारी लुगडे बसण्याउठण्याने मधोमध विरते. काठ आणि पदर मात्र पुढे कित्येक वर्षे टिकण्याजोगे असतात. त्या काळी ओढगस्तीच्या घरातील बायका विरलेला भाग कापून काढीत आणि उरलेले तुकडे एकमेकांना शिवून घेत. त्या जोडशिवणीला दंड म्हणत. दंडाचे लुगडे नेसणे म्हणजे घरची चणचण अंगावर मिरवणे, म्हणून नेसताना तो दंड कटाक्षाने निऱ्यांत दडवला जाई. बऱ्या घरच्या बायका दंडाच्या वाटेलाच जात नसत. त्या असे लुगडे बोहारणीच्या पाटीत टाकून भांडे घेत. वहिनी आमच्या दारासमोरून जाणारी बोहारीण थांबवून तिच्या पाटीतली लुगडी हातांनी चाचपी आणि म्हणे, “जिवंत माणसाला स्मशानात नेताहेत ग बाई हे लोक!”

मग तिने स्वतःच लुगडी घ्यायला सुरुवात केली. दोन निरनिराळ्या लुगड्यांचे धड भाग ती एकत्र आणी, दोन्ही एका रंगात बुडवी आणि जोडताना दंड दडवण्याऐवजी तो लाल दोऱ्याने, उठून दिसेल असा, जाड टाक्यांनी घाली. हे तिचे स्वतःचे. यात तिला कोणी गुरू नव्हता.

रंगाला मात्र गुरू होता. पुडीतल्या रासायनिक रंगांनी ज्यांना घरी बसवले अशांपैकी एका वृद्ध रंगाऱ्याकडे ती शिकायला जाई. काळा रंग हिरड्याचा आणि लोखंडाच्या गंजाचा. तांबडा आल नावाच्या झाडाच्या मुळीचा. रंगारी सांगे, “बाई, हिरड्याशी भांडू नको. तो आपल्या मर्जीनं चढतो.” त्यावर वहिनी म्हणे, “बरं, मग तुमच्याशी भांडते. तुम्ही तर रिकामेच आहात!” म्हातारा खो खो हसे आणि आणखी एक गोष्ट शिकवी.

गंज आणि गूळ एकत्र आंबवलेले मडके आमच्या अंगणात असे. त्याच्या वासाने आई हैराण झाली होती.

“सूनबाई, काय सडवतेस हे? आल्यागेल्या बायका नाकाला पदर लावतात.”

“लावू द्या, सासूबाई. कोणाचा पदर कुठं विरलाय, ते मला आयतं दिसतं.”

आई रागावली होती, पण तोंड फिरवून हसली, हे मी पाहिले आहे.

वहिनीने पुढच्या खोलीत दुकान मांडले. पहिल्या दिवसापासून एक विचित्र प्रकार घडला. बायका येत, माल पसंत करीत, विकतही घेत. पण येत त्या मागच्या दाराने, भर दुपारी, गल्ली निजलेली असताना. घेतलेले लुगडे त्या घरातच नेसत. पुढचे दार उघडे आणि ओस. त्यातच एका डोहाळजेवणात वकिलीणबाई बोलून गेल्या. या बाई म्हणजे आमच्या भागातील मराठी बायकांच्या अघोषित अध्यक्ष. त्या म्हणाल्या, “दुसऱ्याचं उतरन अंगावर घ्यायचं, आणि वर त्याला दुकान म्हणायचं!” हे वाक्य गावभर गेले. मग मागच्या दाराची वर्दळही थांबली.

नेमके तेच दिवस राज्यांच्या नव्या आखणीचे होते. आमचा प्रांत मोडला. वऱ्हाड-नागपूर तिकडे, मराठी मुलखात गेले, आम्ही इकडे, हिंदी राज्यात राहिलो, आणि राजधानी नागपूरहून भोपाळला हलली. कचेरीतील मराठी कागद झपाट्याने हिंदी होऊ लागले. अनेक मराठी नोकरदारांनी वऱ्हाडाची वाट धरली. दादाच्या साहेबांनी त्यालाही विचारले, “अकोल्याला जायचे की इथेच राहायचे?” उत्तर संक्रांतीनंतर द्यायचे होते.

दादाने जेवताना विषय काढला. तो अतिशय मितभाषी. एकेक शब्द तोलून बोले.

“अकोल्यात आपली भाषा आहे. पोरांच्या पुढच्या शिक्षणाचंही बरं पडेल.”

“आणि दुकान?” वहिनीने विचारले.

“मागच्या दारानं चालणारं दुकान अकोल्यातही मांडता येईल. संक्रांतीपर्यंत पाहू. इथं पुढच्या दारानं चाललं, तर राहू.”

“अकोल्यात तापी आहे?”

“पाणी सगळीकडं असतं.”

“साहेबही सगळीकडं असतात,” वहिनी म्हणाली आणि त्याच्या पानात भाकरी जरा जोरातच वाढली.

तिच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता. रंगारी तिच्याबरोबर अकोल्याला येणार नव्हता. तापीच्या पाण्यात आलाचा जो तांबडा तिला अखेर साधला होता, तो परक्या पाण्यात पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागला असता. आणि तेवढे आयुष्य रंगाऱ्याचे उरले नव्हते. गाव सुटले असते तर काम संपले असते.

संक्रांत जवळ आली. त्या सणाला आमच्या बायकांना काळे वस्त्र लागते आणि एरवी ते वर्षभर पेटीत पडून राहते. वहिनीने त्या सुमारास आपले सर्वांत देखणे लुगडे तयार केले. दाट, शांत काळा रंग, आणि त्यावर पदराजवळ आडवा गेलेला तांबडा दंड. ते तयार झाल्यावर ती मला म्हणाली, “भाऊजी, वकिलीणबाईंकडं जायचंय. चला माझ्याबरोबर. साक्षीला कोणीतरी हवं. मागून लोक काहीही बोलतात.”

मागून लोक काय बोलले, ते परवा दुसऱ्या वक्त्यांनी ध्वनिवर्धकावरून सांगितले. वहिनीने म्हणे लुगड्याचा दंड घडीत लपवून वकिलीणबाईंना ते नेसायला लावले आणि त्यांना फसवून आपला माल प्रतिष्ठित केला. वक्त्यांना हा चातुर्याचा नमुना वाटला. सभागृह हसले. मी दुसऱ्यांदा उठलो आणि पुन्हा बसवला गेलो.

मी त्या साक्षीसाठीच नेलेला माणूस आहे. म्हणून साक्ष देतो.

आमच्याकडे रीत आहे की, नवे लुगडे पहिल्यांदा आपण नेसायचे नाही. जिच्याविषयी मनात मान किंवा माया आहे तिला ते एक दिवस नेसायला द्यायचे. तिने घडी मोडायची, मग परत करायचे. असे बोलावणे नाकारणे अशुभ मानतात. ‘उतरन’ म्हणून नाक मुरडणाऱ्या बायकांची स्वतःची नवीकोरी लुगडी आधी नणंद-जावांच्या अंगावरून उतरून आलेली असत, आणि त्याचा त्यांना अभिमान असे. ही विसंगती गावात फक्त वहिनीला दिसली.

वकिलीणबाई ओसरीवर तीळ निवडीत होत्या. वहिनीने लुगडे त्यांच्यापुढे ठेवले. “परवा माझ्याकडं हळदीकुंकू आहे. याची घडी तुम्ही मोडावी, असं मनात आहे.”

बाईंचा हात थांबला. “दुकानातलं?”

“दुकानातलंच.” आणि वहिनीने ते लुगडे पुरते उलगडले, दंडावर बोट ठेवले. “हा दंड. नीट दिसतोय ना? दोन लुगड्यांचं आहे. एक कोणाचं होतं, दुसरं कोणाचं, विचाराल तर तेही सांगते.”

“मग तू स्वतः का नाही नेसत?”

“मी नेसले तर म्हणतील, गरज म्हणून नेसली. तुम्ही नेसलात तर कोणाला तसं म्हणता येणार नाही.”

वकिलीणबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मास्तर, तुमची वहिनी फार पुढं जाईल.”

“सध्या अकोल्यापर्यंत जायची वेळ आली आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

वहिनीने दादाची अट जशीच्या तशी सांगितली. गयावया केली नाही. शेवटी फक्त म्हणाली, “आम्ही गेलो तर तुम्हालाही टोमणा मारायला दुसरं कोणी शोधावं लागेल.”

बाईंनी लुगडे ठेवून घेतले. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.  

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषांना आत काम नसते. दादा आणि मी पुढच्या ओट्यावर बसलो होतो. बायका येत होत्या. मैत्रीखातर येत होत्या, आणि सवयीने बऱ्याचजणी मागच्या दारानेच शिरत होत्या. आतून वहिनीचा मोठमोठ्याने तिळगूळ देण्याचा आवाज येत होता. तो आवाज नेहमीपेक्षा चढा होता. दादा पंच्याचे टोक बोटाला गुंडाळीत होता. बाई नेसल्या नसत्या तर संध्याकाळी काय बोलायचे, याचा विचार तो करीत असावा. कारण जाण्याचा आग्रह त्याचा असला तरी हरलेली बायको त्याला पाहवली नसती.

वकिलीणबाई उशिरा आल्या. त्या गल्लीच्या मधून, उन्हातून, पुढच्या दाराने आल्या. अंगावर तेच काळे लुगडे होते. दंड निऱ्यांत नव्हता; त्यांनी नेसणच अशी ठेवली होती की तांबडी रेघ छातीवरून तिरपी खांद्यावर चढली होती. ओट्याशी थांबून त्या दादाला म्हणाल्या, “काय हो, बांधाबांध सुरू झाली नाही ना?” आणि उत्तराची वाट न पाहता आत गेल्या.

 आत कोणीतरी धीर करून विचारले, “बाई, हे... दंडाचं?”

“दंडाचं. दिसतंय की. का, तुझ्याकडं नाही? मागच्या दारानं नेलेलं मी पाहिलंय.”

हशा इतका मोठा उसळला की आम्हा दोघांनाही हसू आवरेना. पण खरे घडले ते नंतर. निघताना रीतीप्रमाणे बाईंनी लुगडे दुसऱ्या दिवशी धुऊन पाठवण्याविषयी बोलायला हवे होते. त्या म्हणाल्या, “घडी मोडली. आता हे मी परत करणार नाही. दुकानाच्या वहीत माझ्या नावावर खरेदी म्हणून मांड.” फसवली गेलेली बाई वस्तू परत करते, ठेवून घेत नाही. आणि दयेने घेतले म्हणावे, तर दया हा त्या बाईंचा प्रांत कधीच नव्हता.

दादाविषयीही एक कथा फिरते की तो सासुरवाडीच्या केळीच्या आशेने राहिला. त्या वेळी कचेरीत हजर असलेल्या एका सहकाऱ्याने मला पुढे सांगितले आहे की, साहेबांनी कारण विचारले तेव्हा माझा मितभाषी भाऊ सगळ्या बाबूंसमोर उभा राहून म्हणाला, “मिसेसचं दुकान आहे, साहब. ते हलवता येत नाही.” पुष्कळ दिवस कचेरीत त्याची त्यावरून टिंगल झाली. त्याने ते वाक्य कधी मागे घेतले नाही.

पुढचे गावाला माहीत आहे. दुकानाचा कारखाना झाला. जैनाबादेपासून बायका नदी ओलांडून कामाला येऊ लागल्या, कापड इंदूर-भोपाळला जाऊ लागले. दंड मात्र तिने कधी खोटा घातला नाही. एकदा एका बड्या व्यापाऱ्याने कोऱ्या कापडावर नुसती तांबडी रेघ शिवून मागितली. गिऱ्हाइकाला तेवढेच हवे असते, असे त्याचे म्हणणे. वहिनी म्हणाली, “तरण्या पोरीला कवळी कशाला बसवू?” आणि त्याला चहा पाजून वाटेला लावले. तेव्हा ती कर्तबगार होती, प्रसिद्ध होती, आणि पूर्वीइतकीच भांडकुदळ होती. मला तिची ती भांडणे तिच्या रंगांइतकीच सुंदर वाटत आली आहेत.

वकिलीणबाईंच्या नातवंडांनी ते काळे लुगडे जपून ठेवले होते. परवा तेच त्या पेटीत मांडले होते. आयोजकांनी इस्त्री करून त्याची उत्तम घडी घातली होती. दंड आत गेला होता. वरून पाहणाऱ्याला फक्त काळे कापड दिसत होते. वक्ते फसवणुकीची कथा सांगत होते आणि पुरावा त्यांच्या पुढ्यात घडीत दडलेला होता. मग मी तिसऱ्यांदा उठलो, आणि या वेळी कोणाच्या हाती लागलो नाही.

लुगडे उलगडल्यावर पुढच्या रांगेतील बायका उठून जवळ आल्या आणि दंडावरून बोटे फिरवू लागल्या. व्यवस्थेतली एक तरुण मुलगी घाबरून मला म्हणाली, “आजोबा, आता फिरसे घडी घालू का?”

“घाल,” मी म्हणालो, “पण दंड वर ठेवून.”