बोटभर फट

म्युझियममध्ये प्रत्येक वस्तूला खोका असतो, खोक्याला नंबर असतो आणि नंबराला कपाट. किश्शांचं तसं नाही. ते कुठेही पडून राहतात आणि मैत्रिणीचा फोन आला की एकेक बाहेर पडतात. मी कोल्हापूरहून पुण्याला आणि पुण्याहून डब्लिनला शिकायला आले, आणि इथल्या एका छोट्या म्युझियममध्ये चिकटले. मैत्रिणी अजून विचारतात, "तू नक्की करतेस काय गं तिथे?" मी सांगते, "दुसऱ्यांची मडकी सांभाळते!"

हे सगळे किस्से एकाच प्रदर्शनातले आहेत. विषय होता अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांची कला आणि बांधकाम. माझ्यावर सोपवलेलं ते पहिलंच मोठं काम. त्यात माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं आणि व्हिसा कॉन्ट्रॅक्टला लटकलेला. एखादं मडकं फुटलं असतं तर सोबत मीही फुटले असते!

आमची टीम तिघांची. बॉस फिनूला, वस्तूंची ने-आण करणारा डेक्लन आणि मी. डेक्लनला सगळं 'ग्रँड' असतं, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे, चालतंय'. छत गळतंय? ग्रँड! स्वतः लिफ्टमध्ये अडकलाय? ग्रँड! फिनूलाही तशीच. त्यामुळे इथे नेमकं घाबरायचं कधी, हेच मला कळायचं नाही.

*

शाळेच्या मुलांसाठी लॉनवर टिपी उभारायचा होता. टिपी म्हणजे लांब काठ्यांभोवती कापड गुंडाळलेला उंच, टोकदार तंबू. माणसं मिळेनात. शेवटी आमच्या मराठी मंडळाच्या सागरला फोन केला. हा नागपूरचा, आयटीवाला.

"टेन्शन काहून घेते? दरवर्षी गणपतीचा मांडव आपणच घालतो ना!"

शनिवारी तो मित्रांना घेऊन आला आणि तासाभरात तंबू झकास उभा राहिला. मी निवांत जेवायला गेले. परत येऊन बघते तर वरचं धुराचं भोक निळ्या ताडपत्रीने गच्च बांधलेलं!

"अरे, ते धूर जाण्यासाठी असतं!"

"पण पाणी येऊन राहिलं होतं ना वरून!"

आणि दारावर काय? गणपतीच्या सामानातलं प्लॅस्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण! मी ते काढायला धावले, पण फिनूला आधीच तिथे पोचली होती. तोरणाला हळूच हात लावून तिने विचारलं, "हे पारंपरिक आहे का?"

सागर छाती काढून म्हणाला, "व्हेरी!"

*

पेरूमधल्या इंका लोकांच्या भिंतीचा एक फोटो आम्ही चांगला छतापर्यंत लावला होता. प्रचंड दगड एकमेकांत बसवलेले, मध्ये चुना नाही की माती नाही. लोक बघून तोंडात बोटं घालायचे.

एक दिवस पश्चिम आयर्लंडमधल्या गॉलवेकडचे एक म्हातारे शेतकरी आले. फोटोसमोर हाताची घडी घालून बराच वेळ उभे राहिले. मी आपली उत्साहाने सांगायला गेले, "चुना न वापरता बांधलीय, बरं का!"

"आमच्या शेताच्या सगळ्या भिंती तशाच आहेत. माझ्या बापाने बांधल्यात."

"पण ही भूकंपातसुद्धा टिकलीय."

म्हाताऱ्यांनी फोटो पुन्हा खालपासून वरपर्यंत बघितला. मग म्हणाले, "हो, पण ह्यांच्याकडे गायी होत्या का भिंतीला टेकायला?"

*

आई तेव्हा कोल्हापूरहून माझ्याकडे आली होती. एका काचेच्या पेटीत इंकांचा किपू होता. जाड दोरीला लोंबणाऱ्या असंख्य दोऱ्या आणि दोऱ्यांना गाठीच गाठी. मी तिला समजावलं, "हे लोक लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा गाठींमध्ये नोंदवायचे."

पदराला गाठ मारून दूधवाल्याला आठवणीत ठेवणारी माझी आई. पेटीभोवती तिने एक चक्कर मारली आणि हळहळली.

"लईच इसराळू म्हनायची गं बया!"

*

आता मडकं. हे उद्घाटनाच्या आदल्या दिवशी घडलं, पण मी शेवटी राखून ठेवलंय.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या पुएब्लो समाजाच्या रोझ नावाच्या बाई पिढीजात मडकी घडवतात. वयाने माझ्या आईएवढ्या. त्यांचं पांढरं मडकं आधी आलं होतं, त्या स्वतः उद्घाटनाला यायच्या होत्या. मी खोका उघडला, मडकं फिरवलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गळ्याभोवती रंगवलेली काळी रेघ एका जागी तुटलेली! चांगली बोटभर फट, वाटेत रंग उडाल्यासारखी! सोबतचे फोटो नेमके दुसऱ्या बाजूचे, आणि रोझबाई विमानात.

डेक्लन म्हणाला, "ग्रँड." फिनूलाने चष्मा लावला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "ओह."

तिच्या तोंडून 'ओह' मी पहिल्यांदाच ऐकत होते. घरी जाऊन आईपुढे रडले.

"एवढंच न्हवं? काजळ लाव की जरा. काळ्यावर काळं, कुनाला कळतंय?"

"आई, नोकरी जाईल माझी!"

"आनि फट दिसली तर ऱ्हाईल व्हय?"

दुसऱ्या दिवशी आईही उद्घाटनाला आली. रोझबाई आल्या त्या थेट मडक्याकडे. त्यांनी रेघेवरून बोट फिरवायला सुरुवात केली आणि ते फटीपाशी थांबलं. मला घाम फुटला. रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला, तर आईची काजळाची डबी बाहेर पडली आणि गडगडत त्यांच्या पायाशी गेली. आईने गुपचूप टाकली होती!

"हे काय?" त्यांनी विचारलं.

खोटं सुचलंच नाही. "काजळ. आईने दिलंय. ती फट भरायला."

फिनूलाने डोळे मिटून घेतले.

रोझबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. "अगं, ती रेघ मी कधीच पुरी करत नाही. माझी आईही करायची नाही. मडक्याच्या जिवाला यायला-जायला तेवढी वाट मोकळी ठेवायची असते. एकदा एका भल्या माणसाने ती भरून दिली होती, मी घरी जाऊन रडले!"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी भांड्यासमोर उभं राहून कळलं. फिनूला हळूच म्हणाली, "नव्या कॉन्ट्रॅक्टवर सोमवारी सही करून टाक."

मग रोझबाईंनी विचारलं, "पण हे काजळ खरं कशासाठी असतं?"

मी आईला विचारलं. तिने डबी उघडली, बोट बुडवलं आणि सरळ रोझबाईंच्या गालाला तीट लावली.

"एवढं देखनं काम करतीस बाई, कुनाची तरी दृष्ट लागंल."

मी इंग्रजीत सांगितलं. रोझबाईंनी एकदा मडक्याकडे बघितलं, मग आईचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी हॉल पाहुण्यांनी भरला. कॅमेरे, भाषणं, सगळा थाट. डेक्लन सरबताचा ट्रे घेऊन रोझबाईंजवळ गेला आणि वाकून हळूच म्हणाला, "तुमच्या गालाला काहीतरी काळं लागलंय."

रोझबाईंनी ग्लास उचलला.

"ग्रँड," त्या म्हणाल्या.