शशीकाकांची दहाची बस

शशीकाका ऑस्ट्रेलियाला कधी गेले नाहीत. पण तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरची बस कुठल्या वळणावर समुद्र दाखवते आणि कुठं तो निलगिरीच्या झाडांमागे लपतो, हे त्यांना पाठ आहे.

लंडनच्या पिनर भागात ते आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. अठ्ठावीस वर्षं त्यांनी बस गॅरेजमध्ये वेळापत्रकं आखली. रिटायर झाल्यावर सुनीतीकाकूंना घेऊन तो किनारा बघायचं ठरलं होतं, तेही बसने आणि ट्रेनने. "गाडी चालवणारा नुसता रस्ता बघतो," असं काकूंचं म्हणणं. काकांनी निळ्या वहीत सगळा प्रवास मांडला. कुठं उतरायचं, नॅशनल पार्कमधून किती चालायचं, थर्मास कुठं उघडायचा. तिकिटं काढायच्या आत काकू गेल्या. वही राहिली.

या डिसेंबरात माझी लेक तनिषा एकटीच तिकडे निघाली. तिला गाडी चालवता येत नाही. काकांनी वही तिच्या हातात दिली. तिने पानांचे फोटो काढून घेतले आणि तीन आठवडे त्यावरच फिरली. रोज रात्री काका आमच्या डायनिंग टेबलावर नकाशा पसरून बसायचे. आपल्याकडे रात्र, तिकडे सकाळ.

"आता ती उठली असेल," ते काल म्हणाले. त्यांचं बोट नकाशावर हळूहळू सरकत होतं. "आठला होस्टेल सोडेल. पार्कमधली वाट, डावीकडे नदी. पेलिकन असतात तिथं, लाकडी धक्क्यावर बसलेले. पावणेदहाला हायवेवरचा थांबा. दहाची बस."

"आणि चुकली तर?"

"वरदा, माझ्या वेळापत्रकात बस चुकत नाही."

चुकली तर पुढची बस परवा, आणि लंडनचं विमान उद्या. त्या रस्त्यावर फोनला रेंज नाही. मी तिसऱ्यांदा चहा टाकला. काका मात्र डोळे अर्धवट मिटून त्या वाटेवर चालत होते. मलाही क्षणभर ओल्या पानांचा वास आला.

आमच्याकडे रात्री नऊ वीसला त्यांनी सवयीने मनगट उलटं वळवलं. इंग्लंडमधलं घड्याळ उलटं धरलं की साडेपाच तास पुढची, भारतातली वेळ दिसते. "पुण्यात पावणेतीन होऊन गेले. गाढ झोपलेत सगळे," ते नेहमीसारखं म्हणाले, आणि मनगट तसंच हवेत राहिलं.

"अर्धा तास," ते पुटपुटले.

"काय झालं?"

"होस्टेल एका राज्यात आहे, थांबा दुसऱ्या राज्यात. मध्ये सरहद्द. पलीकडचं घड्याळ अर्धा तास पुढे असतं गं! दहा तिकडचे. ती पोचेल तेव्हा तिथं सव्वादहा झालेले असतील." त्यांनी मनगट खाली घेतलं. "चाळीस वर्षं मी हा अर्धा तास मनगटावर घेऊन फिरतोय."

तनिषाचा फोन लागेना. तिकडे अजून आठ वाजायचे होते. होस्टेलचा नंबर वहीतच होता, काकांच्या सुबक अक्षरात. त्यांनीच तो लावला. पलीकडे एक बाई होती. मी स्पीकरला कान लावला.

"तनिषा? ती सातलाच गेली की. मी म्हटलं, एवढी घाई कसली? तर हसली. म्हणाली, आमच्याकडे तासभर आधी निघतात, नाहीतर माझ्या आईला झोप येत नाही."

मी खुर्चीत बसले. त्या तासभरावरून आमच्या घरात किती भांडणं झाली आहेत!

काकांनी फोन खाली ठेवला. मला वाटलं, वेळापत्रक चुकल्याचं त्यांना लागलं. मी म्हटलं, "जाऊ द्या हो काका, वेळेत पोचेल ती."

"ती पोचेल गं. पण आमची चुकली असती." ते नकाशाकडे बघत होते. "सुनीतीला कधी घाई नसायची. आम्ही डुलत डुलत सव्वादहाला आलो असतो. रिकामा रस्ता, लांबवर समुद्राचा आवाज. ती म्हणाली असती, बरं झालं, अठ्ठावीस वर्षांत तुमची एक तरी बस चुकली."

"मग?"

"मग काय, दोन दिवस तिथंच."

मी त्यांच्यापुढे पेन्सिल ठेवली, चूक दुरुस्त करायला. त्यांनी ती उचलली, दहाच्या आकड्यावर धरली आणि तशीच खाली ठेवली. मग वही मिटून म्हणाले, "चहा आहे का अजून?"