मामांचं विमान नागपूरला मुक्कामी

आता काय सांगू राव, गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केलाय, पण एकदा तर बैलसुद्धा माझ्यापेक्षा शहाणा ठरला!

तेव्हा पिंपरीला नवाच कारखाना निघाला होता आणि चाकणजवळच्या आमच्या वाडीतून तिथं कामाला लागलेला मी पहिला गडी. त्यामुळं मला जगातलं सगळं कळतं, असं वाडीचं मत. माझं तर होतंच होतं!

माझं लग्न कमलशी ठरत आलं होतं. पोरगी मला मनापासून आवडलेली. पण तिचे मामा कलकत्त्याच्या गिरणीत फिटर, आणि त्यांनी मुलगा बघितल्याशिवाय याद्या करायच्या नाहीत, असं तिच्या घरचं म्हणणं. गुरुवारी मामांची तार आली : उद्या सकाळी विमानाने निघतो. मुंबईला यंत्राचा भाग पोचवायचा म्हणून गिरणीनंच तिकीट काढलेलं.

"इमान हितं कवा पोचंल रं?" बापानं विचारलं.

मी विमान फक्त खालून बघितलेलं. तरी ठोकून दिलं, "आगगाडीला दोन राती लागत्यात. इमान पळतं जोरात, पण मोठं गाव आलं की उतरून पाणी घेतं. अंधारात त्याला रस्ता दिसत न्हाई, म्हंजे नागपूरला मुक्काम! शनिवारी दिवेलागणीच्या आत मामा चाकणात येत न्हाईत."

बापानं मान डोलावली. कारखान्यातल्या माणसाशी वाद कोण घालणार?

आता आमचा सर्जा बैल बसका. म्हणजे गाडीला जुंपला की मनात येईल तिथं फतकल मारायचा. मामांना आणताना भर रस्त्यात बसला म्हणजे? तो विकून दुसरा घ्यावा म्हणून शनिवारी सकाळीच त्याला चाकणच्या बाजारात उभा केला.

एक फेटेवाले पाहुणे आले, "दाजीस्नी बैल हवाय" म्हणाले आणि सर्जाभोवती फिरले. मी लगेच उपरणं पसरलं, त्यांचा हात खाली ओढला आणि बोटं दाबून भाव सांगितला.

"येवढी घाई का, राव?"

"सांजच्याला मामेसासरं यायचं हायेत, इमानानं! दाढी करायचीय, दोस्ताचा कोट आणायचाय."

"इमानानं? मग आलं असतील की!"

"छ्या! इमान नागपूरला मुक्कामी ऱ्हातं."

"आन् मुक्कामाला उतरतं कुठं?"

"असंल एखाद्या धर्मशाळेजवळ!"

पाहुण्यांनी उपरण्याखालचा हात काढून फेट्याचा शेमला तोंडावर धरला. मला वाटलं, भाव जास्त झाला.

"मामा कसं हायेत?"

"साधं हायेत म्हणं. कोट दिसला की पोरगा पसंत!"

"बैलात खोड न्हाई न्हवं?"

"देवाशप्पथ न्हाई!" मी म्हणालो. आणि सर्जानं, जू नसताना, बाजारात बसकण मारली! पाहुणे फेटा सावरत निघून गेले.

संध्याकाळी कोट चढवून, हलगीवाला घेऊन एसटीच्या थांब्यावर उभा राहिलो. गाडी आली, रिकामी झाली, निघून गेली. मामांचा पत्ता नाही!

घरी येतो तर ओसरीवर कमलचे वडील, आणि त्यांच्या शेजारी सकाळचाच फेटा. आमचा बाप हसून हसून लोळत होता.

"काल सकाळी च्या कलकत्त्यात घेतला आन् दुपारी ममईत जेवलो," मामा मला म्हणाले. "नागपूरची धर्मशाळा तेवढी बघायची ऱ्हायली."

कमल हातची गेली! कोटाची बटणं काढावीत की लावावीत तेही सुचेना.

मामांनी कमलच्या वडिलांकडं तोंड वळवलं.

"दाजी, दोघास्नी बघितलं. बैल घिऊ नका, बसका हाय. जावई नुसता येडा हाय. चालंल!"