पालथे ॲक्सल

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली तंद्री मिस्त्री म्हणते, आणि ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याला मी मनातल्या मनात कितीदा तरी दाद दिली आहे. चहा पुढ्यात ठेवावा, तर त्यात चमच्याऐवजी पाना फिरवतील. गाडीखाली आडवे झाले की दोन पाय तेवढे बाहेर, आणि आतून गुणगुणणं. लग्न नवं होतं तेव्हा मला वाटलं, झोपले. पाय ओढून उठवायला गेले, तर हे म्हणाले, "थांब, ती बोलतेय." ती म्हणजे गाडी. तीस वर्षं मी असल्या सवतींबरोबर संसार केलाय.

ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, डोंगराच्या माथ्यावर एकट्या राहायच्या. त्या वर्षी त्यांची विहीर आटली. दोन घागरी खालून वर नेता नेता गुडघे गेले. शहरातले दोघे मुलगे म्हणाले, आई, आता पुरे, घराला कुलूप लाव आणि चल. वन्संना उंबरा सोडायचा नव्हता. शेवटी मुलांनी मुदत दिली, रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. तोवर पाण्याची सोय झाली तर राहा, नाहीतर बस गाडीत.

खरं सांगते, आमच्या दोघींमधून विस्तव जात नव्हता. माझ्या हातची आमटीसुद्धा त्यांनी कधी नावं न ठेवता खाल्ली नाही. पण म्हातारीला तिच्या घरातून उचलून न्यायचं म्हटल्यावर, काहीतरी करा म्हणून ह्यांच्या मागे मीच लागले.

ह्यांच्याकडे सैन्याने लिलावात काढलेला एक सहाचाकी ट्रक पडून होता. त्यावर ह्यांनी पाण्याची टाकी चढवली. टाकी भरून निघाले, तर पहिल्याच चढाला मागच्या दोन ॲक्सलपैकी, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या आसांपैकी, एकाचा दांडा काडकन तुटला. नाकापेक्षा मोती जड! मग ह्यांनी भंगारातल्या एका थोरल्या ट्रकचे दोन दणकट ॲक्सल उचलून आणले, मागच्या दोन्ही जागी घालायला.

पुढचे चार दिवस आमचं अंगण काही जमिनीवर नव्हतं. वरच्या पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके पडायचे, हळूहळू सरकत ह्यांच्या पायांवरून भिंतीवर जायचे. ग्रीसचा वास, रॉकेलमध्ये भिजलेल्या चिंध्या, आणि त्या गुणगुणण्याला ना सुरुवात ना शेवट. मी भाजी निवडत तिथेच बसायची. राग यायचा, आणि उठवतही नव्हतं. मला तर अधूनमधून वाटायचं, ट्रकच आम्हा दोघांना कुठेतरी घेऊन चाललाय.

त्या थोरल्या ट्रकला स्प्रिंगचे पाटे ॲक्सलच्या खालून असायचे, आमच्या ट्रकला वरून. पाट्यांच्या बैठका जुळाव्यात म्हणून ह्यांनी दोन्ही ॲक्सल पालथे घातले. मी विचारलं, तेल भरायचं बूच खाली गेलंय, आता तेल काय खालून भरणार? हे "हं" म्हणाले. ह्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवारी संध्याकाळी ट्रक चालू झाला. ह्यांनी पहिला गिअर टाकला आणि ट्रक डौलात मागे जाऊन माझ्या तुळया-पत्र्यांच्या न्हाणीला टेकला. दुसरा टाकला, अजून मागे. मग ह्यांनी रिव्हर्स टाकला, आणि ट्रक पुढे चालू लागला. ॲक्सल पालथा घातला की चाकं उलटी फिरतात, हे म्हणे कुठल्याही मिस्त्रीला ठाऊक असतं. तंद्रीत राहून गेलं!

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन्ही ॲक्सल पुन्हा काढायचे तर दोन दिवस, आणि हातात एक रात्र. हे पायरीवर बसले. इतकी वर्षं मी त्यांचे डोळे असे भरलेले पाहिले नव्हते. मग म्हणाले, "रिव्हर्समध्येच जाऊ. त्या गिअरला जोर असतो."

उजाडता उजाडता टाकी भरून निघालो. तोंड पुढे, गिअर मागचा, वेग माणसाच्या चालीचा. पहिल्या वळणावर मी खाली उतरले आणि बाजूने चालू लागले. ट्रक काही माझ्या पुढे जाईना. वाळलं गवत, कोवळं ऊन, टाकीत डुचमळणारं पाणी आणि इंजिनाचा तो लांबच लांब हुंकार. खिडकीतून हे मधूनच हसायचे. एवढा निवांतपणा मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता.

दोन तासांनी माथा आला. अंगणात बांधलेली ट्रंक, ट्रंकेवर वन्सं, आणि गाडीपाशी दोघे मुलगे घड्याळ बघत. धाकटा म्हणाला, मामा, ट्रकने आलात की ट्रकला चालवत आणलंत? वन्सं उठल्या, टाकीच्या नळाखाली हात धरला, ओला हात तोंडावरून फिरवला आणि मुलांना ट्रंक आत ठेवायला सांगितली.

दर रविवारी जायचं ठरलं. दुसऱ्या खेपेला हे वन्संना म्हणाले, या आठवड्यात ॲक्सल सरळ करून घेतो, मग अर्ध्या तासात पोचेन.

"नको करूस," वन्सं म्हणाल्या.

मी भडकलेच. ह्यांचे हाल कळत नाहीत का, दोन तास एका गिअरमध्ये बसून कंबर मोडते, असं बरंच बोलले. वन्संनी ऐकून घेतलं. त्या माझ्याशी इतक्या हळू कधी बोलल्या नव्हत्या.

"खालच्या वळणापासून आवाज यायला लागतो गं. दोन तास कुणीतरी माझ्याकडे येतंय, हे ऐकत बसते मी."

इतकी वर्षं आमटीवरून भांडले त्या बाईशी, आणि हे कधी माझ्या ध्यानात आलं नाही.

घरी आल्यावर हे सवयीने जॅक काढायला लागले. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. पुढच्या रविवारी ह्यांच्या आधी मीच ट्रकपाशी जाऊन उभी राहिले, हातात आमटीचा डबा घेऊन.